‘करण्यात येईल’ : उल्हास खाडीच्या नियोजनातील कर्तृलोप

कल्याण हे समुद्रकाठचे शहर आहे असे विधान केले, तर सामान्य वाचकास ते चमत्कारिक वाटेल. कायद्याच्या दृष्टीने मात्र ते बरेचसे खरे आहे. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली प्रथम १९९१ मध्ये, नंतर २०११ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये निघालेल्या किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनांनी किनारा म्हणजे केवळ समुद्राची कड असे मानलेले नाही. भरतीचे पाणी ज्या खाड्यांत व नद्यांच्या मुखांत शिरते, त्यांचे काठही किनाऱ्याच्या व्याख्येत घेतले आहेत. भरतीचा प्रभाव कोठवर धरावयाचा, याची कसोटीही ठरवून दिलेली आहे. वर्षातील अत्यंत कोरड्या दिवसांत पाण्याची क्षारता हजार भागांस पाच भाग जेथवर आढळते, तेथवर ते पाणी समुद्राचे. अशा पाण्याच्या काठचा नियमित पट्टा २०११ मध्ये शंभर मीटर, किंवा खाडीची रुंदी त्याहून कमी असल्यास त्या रुंदीएवढा होता; २०१९ मध्ये शंभराचे पन्नास झाले.

ही कसोटी वैशाखात लावावयाची असते आणि पूर श्रावणात येतो, ही गोष्ट व्याख्या करणाऱ्यांच्या नजरेतून सुटली असेल असे नाही. परंतु त्या व्याख्येने एकाच पाण्याचे दोन भाग केले आहेत. राजमाचीच्या डोंगरातून निघून कर्जत, नेरळ, बदलापूर असा प्रवास करणाऱ्या पाण्याला बदलापुरास ‘उल्हास नदी’ म्हणतात. तेच पाणी दुर्गाडी किल्ल्याखाली आले म्हणजे त्याला ‘कल्याणची खाडी’ हे नाव पडते. पुढे मुंब्रा व ठाणे येथे ते पुन्हा निराळी नावे धारण करते आणि साष्टीला वळसा घालून एका फाट्याने वसईकडे, दुसऱ्याने दक्षिणेस जाते. लोकांच्या बोलीत हा नामभेद निरुपद्रवी आहे. शासनव्यवहारात तो निरुपद्रवी राहत नाही. ‘नदी’ म्हटले की जलसंपदा विभागाच्या पूररेषा लागू होतात : पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. ‘खाडी’ म्हटले की भरतीरेषा लागू होते, आणि तिचे अधिकारी निराळे. कल्याणच्या रेतीबंदरावरील किंवा डोंबिवलीतील मोठागावच्या रहिवाशाच्या दारात मात्र ही दोन्ही पाणी एकाच वेळी येतात, कारण वरून पुराचा लोंढा आणि खालून उधाणाची भरती यांची गाठ नेमकी तेथे पडते. खाडी भरलेली असताना पावसाचे पाणी उतरावयास जागा नसते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

या पट्ट्याच्या संरक्षणासाठी गेल्या दोन दशकांत जे लेखन मराठीत झाले, त्याचा विचार येथे करावयाचा आहे. जिल्हा व शहर पातळीवरील आपत्ती व्यवस्थापनाचे आराखडे, पूररेषांविषयीच्या सूचना, हवामानबदलाशी संबंधित योजनांची मराठी रूपे, पावसाळ्यातील इशारे आणि निवेदने असा हा वाङ्मयप्रकार आहे. त्याला वाङ्मय म्हणण्यास कोणी हरकत घेईल. तथापि ज्या लेखनावर शेकडो वस्त्यांचे स्वास्थ्य अवलंबून असते, त्याची समीक्षा होऊ नये हा संकेत विचित्र आहे. कवितेतील एका विशेषणावर आपल्याकडे दोन-दोन महिने वाद चालतात. पूरनिवेदनातील क्रियापदाकडे कोणी पाहत नाही.

या लेखनाचे सर्वांत ठळक भाषिक लक्षण म्हणजे ‘-ण्यात येणे’ ही रचना होय. नालेसफाई करण्यात येईल, पथके तैनात करण्यात येतील, कांदळवनांचे संरक्षण करण्यात येईल, जनजागृती करण्यात यावी. या साच्याची वाक्ये कोणत्याही आराखड्यात इतक्या विपुलतेने आढळतात की उदाहरणांसाठी विशिष्ट आराखडा उघडण्याची आवश्यकता नाही. व्याकरणदृष्ट्या ही रचना कशी सिद्ध होते हे लक्षात घेण्यासारखे आहे. ‘करणे’ या धातुसाधित नामाची सप्तमी आणि तिच्यापुढे ‘येणे’ हे गतिवाचक क्रियापद. शब्दशः पाहिले तर, काम ‘करण्यात’ कोठून तरी ‘येते’. कोठून येते याची विचारणा करण्यास वाक्यात जागाच ठेवलेली नसते.

इंग्रजी कर्मणी रचनेचे हे अंधानुकरण आहे, मराठीचा स्वभाव कर्तरीचा आहे, असे या ठिकाणी म्हणण्याचा मोह होतो. तो मोह आवरला पाहिजे. मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) प्रयोगविचाराला जे विस्तृत स्थान दिले, त्यास कारण आहे, मराठीत कर्मणी व भावे हे प्रयोग उपरे नाहीत, ते भाषेच्या गाभ्यातच आहेत. ‘कोळ्याने जाळे टाकले’ हे वाक्य कर्मणी आहे, परंतु त्यात कोळी कोठेही दडलेला नाही. तृतीयेचा ‘ने’ घेऊन तो वाक्याच्या अग्रभागी उभा आहे. क्रियापद जाळ्याशी जुळते म्हणून टाकणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही. म्हणजे मराठीचा जुना कर्मणी प्रयोग कर्त्याला सांभाळून घेतो. शालेय व्याकरणे ज्याला ‘नवीन कर्मणी’ म्हणतात, त्यातही ‘कडून’ लावून कर्ता सांगण्याची सोय आहे. कर्ता न सांगणे हाच ज्याचा नित्याचा उपयोग होऊन बसला आहे, अशी रचना शासकीय मराठीने आपल्यासाठी निवडली, ती ‘-ण्यात येणे’ ही. दोष प्रयोगाचा नाही, निवडीचा आहे.

ही निवड केव्हा रूढ झाली हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. पेशवाईतील पत्रव्यवहारात आज्ञा ‘करणे’, ‘देणे’, ‘पाठविणे’ अशा साध्या धातुसाधितांनी व्यक्त होत असे; तेथेही क्रियापदाला कर्ता नाही, परंतु पत्राच्या माथ्यावर ज्याला आज्ञा दिली त्या कमाविसदाराचे किंवा सुभेदाराचे नाव असे, आणि तोच त्या सर्व ‘करणे’चा कर्ता. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय सुरू झाले, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला, आणि इंग्रजीतून चालणारा कारभार अल्पावधीत मराठीत आणण्याचे प्रचंड काम थोड्या माणसांनी उरकले. त्यांच्या परिश्रमांविषयी अनादर बाळगण्याचे कारण नाही. त्या घाईत शब्दांचे कोश झाले. वाक्यांचा विचार मागे पडला.

‘-ण्यात येणे’च्या जोडीला जेव्हा कर्ता सांगितलाच जातो, तेव्हा तो बहुधा ‘मार्फत’ या शब्दयोगी अव्ययाने सांगितला जातो. महानगरपालिकेमार्फत, संबंधित विभागांमार्फत, जिल्हा प्रशासनामार्फत. ‘कडून’, ‘तर्फे’ आणि ‘मार्फत’ यांत सूक्ष्म परंतु महत्त्वाचा भेद आहे. ‘कडून’ने प्रत्यक्ष करणारा सुचतो. ‘तर्फे’ हा फारसीमार्गे आलेला ‘तरफ’, म्हणजे बाजू, यावरून. ज्याच्या बाजूने काम होते तो त्याने सुचतो, मग करणारा दुसरा असला तरी चालतो. ‘मार्फत’ हाही तसाच अरबी मूळचा व दरबारी भाषेतून रुळलेला शब्द. तो केवळ मध्यस्थ सांगतो. पत्र कोणामार्फत पाठविले असे म्हटले, म्हणजे ते लिहिणारा कोणी तिसरा असतो. आराखड्यांतील यच्चयावत संस्था जर ‘मार्फत’ असतील, तर मूळ करणारा कोण? प्रत्येक कार्यालय दुसऱ्या कोणाच्या तरी हेतूची वाट असल्यासारखे बोलते.

आता या लेखनातील एक वाक्यप्रकार असा आहे की ज्यात कर्ता स्पष्ट, तृतीयान्त आणि अग्रस्थानी असतो. ‘नागरिकांनी सतर्क राहावे.’ ‘नदीकाठच्या रहिवाशांनी सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे.’ ‘नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.’ पावसाळ्यात बदलापूर येथे उल्हासची पातळी १६.५० मीटरवर गेली की इशारा आणि १७.५० मीटरवर गेली की धोका, हे आकडे दशांशापर्यंत नेमके आहेत; आणि त्या आकड्यांनंतर ज्याने काही करावयाचे, असा व्याकरणात दिसणारा एकमेव इसम म्हणजे नदीकाठचा रहिवासी. शासनाची कामे ‘करण्यात येतात’. नागरिकाची कामे नागरिकाने ‘करावी’ लागतात. ही विभागणी कोणी कट करून केलेली नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु एखाद्या व्यवस्थेने आपल्या भाषेत कर्तेपण कोणाच्या पदरी टाकले आहे हे पाहावयाचे असेल, तर विभक्तिप्रत्ययासारखा निःपक्षपाती साक्षीदार दुसरा नाही.

निविदांची भाषा याच्या शेजारी ठेवून पाहावी. त्याच नाल्याच्या सफाईसाठी निघालेल्या कंत्राटाच्या अटींत ‘कंत्राटदाराने’ गाळ अमुक ठिकाणी टाकावा, अमुक मुदतीत काम पुरे करावे, न केल्यास अमुक दंड भरावा, असा कर्ता पदोपदी भेटतो. जेथे पैशाची देणीघेणी आहे तेथे मराठीला कर्ता सापडतो. म्हणजे भाषेची असमर्थता हे कारण पुढे करता येत नाही.

पारिभाषिक शब्दांची स्थितीही तपासण्यासारखी आहे. आघात सोसून पुन्हा उभे राहण्याच्या गुणासाठी जगभर जी इंग्रजी संज्ञा चालते, तिला मराठी योजनांत ‘लवचीकता’ म्हणण्याची प्रथा पडत आहे. वेताची छडी लवचीक असते, धातूची पट्टी लवचीक असते. पण घर पाण्याखाली गेलेला माणूस लवचीक आहे असे म्हणणे मराठी कानाला क्रूर वाटते. ‘लवणे’ या धातूत वाकणे आहे, आणि कोणाच्या तरी पुढे वाकणेही आहे. ‘तग धरणे’, ‘उभारी धरणे’ हे वाक्प्रचार भाषेत तयार होते. त्यांची अडचण एवढीच की ते क्रियापदे आहेत आणि क्रियापदाला कर्ता लागतो. तग कोण धरतो, हे सांगावे लागते. ‘लवचीकता’ हे भाववाचक नाम असल्यामुळे ती ‘वाढविण्यात येते’.

‘समन्वय’ या शब्दाची तऱ्हा तर अधिकच मनोरंजक. वेदान्तात निरनिराळ्या श्रुतिवाक्यांचे एकाच तात्पर्यात पर्यवसान दाखविणे म्हणजे समन्वय. आणि तो दाखविणारा भाष्यकार असतो. आराखड्यांत ‘सर्व यंत्रणांनी समन्वयाने’ असा जो तृतीयान्त प्रयोग येतो, त्यात वाक्ये पुष्कळ आहेत, भाष्यकार नाही. कल्याण ते ठाणे या खाडीपट्ट्यात अशी वाक्ये किती आहेत याची नुसती मोजदाद केली तरी मन थक्क होते. ठाणे महानगरपालिका १९८२ ची, कल्याणची १९८३ ची. ठाणे जिल्ह्यात एकूण सहा महानगरपालिका, शिवाय अंबरनाथ व बदलापूर या नगरपरिषदा. बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाचे, भातसा जलसंपदा विभागाचे. खाडीचे पात्र आणि बंदरे सागरी मंडळाच्या कक्षेत; २०१६ च्या कायद्याने त्याच पात्राला कल्याण-ठाणे-मुंबई असा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ ही पदवी मिळाली, म्हणजे केंद्रीय प्राधिकरणही आले. काठावरची झाडे वनविभागाची. प्रादेशिक आराखडा १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा. लोहमार्ग रेल्वेचे. डोंबिवली व कल्याण यांच्या पाठीशी असलेली सत्तावीस गावे तर १९८३ मध्ये महानगरपालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर गेली आणि २०१५ मध्ये परत आली. त्या गावांतील ओढ्यांच्या बाबतीत ‘महानगरपालिकेमार्फत’ या शब्दाचा अर्थ तीन वेळा बदलला; ओढ्यांनी आपला मार्ग बदलला नाही.

२७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हासच्या पुरात अडकून पडली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. त्या दिवशी कोणी काय केले याविषयी संदेह नाही : राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, पोलीस आणि आसपासचे ग्रामस्थ, प्रत्येकाचे काम डोळ्यांना दिसले. संकट अंगावर आले म्हणजे कर्ता उगवतो. प्रश्न त्या आधीच्या रात्रीचा असतो, आणि आधीच्या रात्रीचे लेखन सप्तमीत अडकलेले असते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतर, जेव्हा सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि उल्हासखोऱ्यातही हाहाकार उडाला, त्याच वर्षी संसदेने आपत्ती व्यवस्थापन अधिनियम केला. त्यात जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष लोकनियुक्त प्रतिनिधी, अशी स्पष्ट योजना आहे. कायद्याला कर्ता आहे. तो आराखड्याच्या भाषेत उतरेपर्यंत विरघळतो, हीच तर तक्रार.

या सर्व लेखनाने जी शब्दसंपत्ती बाजूला टाकली, तिच्याकडे वळले असता चित्र पालटते. उत्तर कोकणच्या खाडीकाठाला समुद्राशी झगडण्याची एक समृद्ध परिभाषा आहे. भरतीखाली जाणारी, तिवरांनी भरलेली जमीन ते ‘खाजण’. बांध घालून भातासाठी मिळविलेली ती ‘खार’. भरतीत दोन जाती : अमावास्या-पौर्णिमेची ‘उधाणाची’ आणि अष्टमीच्या सुमाराची ‘भांगाची’. समुद्राला थोपविणारा बाहेरचा बांध तो ‘बाहेरकाठा’. त्यातून पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडावयाचे आणि भरतीला दार लावून घ्यावयाचे, ते दार म्हणजे ‘उघाडी’. बांध फुटून पडते ती ‘खांड’. ‘उघाडी’ हा शब्द थोडा थांबून पाहावा. यंत्रशास्त्रीय वर्णनात ज्याला बंद करण्याचे साधन म्हटले असते, त्याला भाषेने उघडण्यावरून नाव दिले आहे; कारण शेतकऱ्याला समुद्र आत येण्याइतकीच भीती पावसाचे पाणी आत कोंडण्याची असते. कल्याण-डोंबिवलीच्या सखल वस्त्यांना आज जी व्यथा आहे, ती या एका शब्दात आधीच सांगून झालेली आहे.

या परिभाषेत कर्ताही होता. पनवेल-पेणच्या खारेपाटात ‘शिलोत्री’ नावाची जी जमीनधारणा होती, तिच्यात बाहेरचा बांध राखणे हे शिलोत्रीदाराचे कर्तव्य आणि त्याबद्दल लागवड करणाऱ्यांकडून बिघ्यामागे ठरावीक धान्य घेणे हा त्याचा हक्क. काही ठिकाणी बांधाची राखण कुळांनीच सामायिकपणे करावयाची, अशीही रीत होती. खांड पडली तर कोणाच्या दारी जावयाचे, याविषयी संशय नव्हता. पदनामातच काम होते. नेदरलँडमध्ये तेराव्या शतकापासून चालत आलेल्या पाणीमंडळांच्या प्रमुखास आजही ‘डाइकग्राफ’, म्हणजे बांधाचा अधिपती, म्हणतात. तेथील अशी एकवीस मंडळे स्वतःचा कर बसवितात आणि त्यांच्या सभांसाठी निवडणुका होतात. पालिकेच्या हद्दीशी त्यांची हद्द जुळत नाही, पाण्याच्या वाटेशी जुळते. १९५३ च्या पुरात अठराशेवर माणसे गमावूनही त्या देशाने ही मंडळे मोडली नाहीत. लहान लहान मंडळे एकत्र करून ती थोडकी आणि अधिक समर्थ केली.

शिलोत्रीचे गोडवे गाऊन थांबणे मात्र इतिहासाशी प्रतारणा ठरेल. बांध राखणारा तो धनी आणि बांधावर माती टाकणारा तो कूळ, हा त्या व्यवस्थेचा पाया होता. अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने १९३३ ते १९३९ असा प्रदीर्घ संप केला, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, ते याच खारेपाटाच्या पार्श्वभूमीवर. कर्ता ठाऊक असणे आणि कर्ता न्यायी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिवाय खार मिळविणे म्हणजे पुष्कळदा तिवरे तोडणे, आणि तिवरे तुटली म्हणजे बाहेरकाठ्याचा पहिला रक्षक गेला. स्वातंत्र्योत्तर काळात १९४८ च्या खारजमीन अधिनियमाने आणि नंतर १९७९ च्या कायद्याने बांधांची जबाबदारी शासनाने उचलली, ती योग्यच उचलली. पण खासगी कर्ता जाऊन त्याच्या जागी सार्वजनिक कर्ता यावयास हवा होता. भाषेच्या पातळीवर त्याऐवजी ‘दुरुस्ती करण्यात येईल’ आले.

तिवराचा उल्लेख आला म्हणून एक अवांतर. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. सरकारी मराठीत तेथील वनाला ‘कांदळवन’ म्हणतात, वृत्तपत्रांत ‘खारफुटी’. वास्तविक या खाडीत प्राबल्य आहे ते तिवराचे; कांदळ ही निराळी झाडे. आगरी-कोळी माणूस ‘तिवर’ म्हणतो, तेव्हा तो वनस्पतिशास्त्रदृष्ट्याही अधिक बरोबर असतो. त्याला ‘कांदळवन संरक्षणात सहभाग घ्यावा’ असे आवाहन केले जाते, तेव्हा त्याच्या झाडाचे नावच त्या वाक्यात नसते.

या ‘सहभागा’चीही परीक्षा केली पाहिजे. मराठीत ‘भागीदार’ म्हणजे ज्याचा नफ्या-तोट्यात वाटा आहे असा. तो हिशेब मागू शकतो. ‘सहभागी’ला वाटा असतोच असे नाही, तो हजर असला की पुरते. २०१८ मध्ये हरित हवामान निधीच्या साहाय्याने आंध्र प्रदेश, ओडिशा व महाराष्ट्र या तीन राज्यांतील किनारी समाजांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाबरोबर जो प्रकल्प मंजूर झाला, तेव्हापासून या क्षेत्रात भागीदारीची भाषा रूढ झाली. त्या भाषेची खरी कसोटी मात्र राज्याच्या स्वतःच्या, २०१७ मधील कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजनेत आधीच लागली होती. गावपातळीवर सहव्यवस्थापन समिती. गटाच्या उद्योगासाठी नव्वद टक्के शासनाचे आणि दहा टक्के लाभार्थ्यांचे, व्यक्तीच्या उद्योगासाठी पंचाहत्तर आणि पंचवीस. वाटा आकड्यांत लिहिला गेला आणि भागीदार दिसू लागला. ‘लाभार्थी’ हा शब्द तेवढा अजून जुन्या दरबाराचा राहिला आहे.

न्यायालयाच्या भाषेचे उदाहरण याहून बोलके आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयात कांदळवनांच्या रक्षणासाठी समिती नेमण्याचा आदेश दिला, तेव्हा ती कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली असावी हेही सांगितले. तो निर्णय तडीस किती गेला हा प्रश्न वेगळा. परंतु त्या दिवसापासून तक्रार कोणाच्या पत्त्यावर टाकावयाची हे लोकांना कळले. अध्यक्षस्थानी पद आले की व्यक्ती बदलली तरी कर्ता उरतो. अधिकारी बदलत असतात म्हणून कर्ता लिहिता येत नाही, या नेहमीच्या समर्थनाला याहून चांगले उत्तर नाही. नदी-खाडीचे व्याकरणाने काय होणार, असा दुसरा आक्षेप येईल. व्याकरणाने पाणी ओसरत नाही हे खरेच. पण ज्या वाक्याला कर्ता नाही, त्याचा पाठपुरावाही करता येत नाही, आणि माहितीच्या अधिकारात अर्ज लिहू पाहणाऱ्या डोंबिवलीच्या नागरिकाला ही अडचण पहिल्याच ओळीत येते. शास्त्रीय मराठीही ‘असे म्हणता येईल’, ‘असे दिसून येते’ यांच्या आडोशाने चालते हे कबूल करून ठेवण्यास हरकत नाही. तिच्यामुळे कोणाच्या घरात पाणी शिरत नाही एवढेच.

आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या २०२५ मधील दुरुस्तीने महानगरपालिकांच्या शहरांसाठी नागरी प्राधिकरणांची तरतूद केली आहे; त्यांचे अध्यक्ष पालिका आयुक्त आणि उपाध्यक्ष जिल्हाधिकारी. सहा महानगरपालिकांच्या ठाणे जिल्ह्यात ती पूर्णपणे अमलात आली, तर एकच जिल्हाधिकारी एका प्राधिकरणाचा अध्यक्ष आणि सहांचा उपाध्यक्ष होईल. शहराच्या आतील नाल्याला त्यामुळे कर्ता मिळेल, ही जमेची बाजू. बदलापुराहून निघालेले पाणी मात्र नगरपरिषदेच्या हद्दीतून पालिकेच्या हद्दीत, नदीतून खाडीत आणि निळ्या रेषेतून भरतीरेषेत जाते. बदलापूरची पातळी त्या क्षणी मोजली जाते. मुंबई बंदराच्या भरतीचे वेळापत्रक वर्षभर आधी छापून तयार असते. बारवी आणि भातसा यांच्या दारांच्या नोंदी दोन निराळ्या कार्यालयांत असतात. ही चार टिपणे एका टेबलावर मांडून ‘कल्याणच्या रेतीबंदरावर पाणी अमुक वाजता चढेल’ हे वाक्य कोणी लिहावयाचे, त्या जागी नव्या आराखड्यांत कोणते पद ‘ने’ प्रत्यय घेऊन उभे राहते, हे पुढील पावसाळ्याच्या आधी पाहता येईल.